पंचरंगी सामन्यांकडून एका संघाकडे

'भारतात क्रिकेट हा खेळ नसून धर्म आहे', हे वाक्य आता गुळगुळीत झाले आहे. परंतु एके काळी या देशातील सर्वांत लोकप्रिय क्रिकेट स्पर्धा खरोखरच धर्मावर आधारलेली होती, याचे स्मरण आज फारसे कोणाला नसते. साऱ्या देशाला एकत्र आणणारा म्हणून ज्या खेळाचा गौरव होतो, तो आरंभी जमातींच्या जिमखान्यांत विभागलेला होता.

मुंबईच्या पारशी तरुणांनी १८४८ मध्ये ओरिएंटल क्रिकेट क्लब स्थापन केला. पारशी संघ १८८६ व १८८८ मध्ये इंग्लंडचा दौरा करून आला. १८९२ पासून युरोपियन विरुद्ध पारशी असे सामने नियमित होऊ लागले. त्यात १९०७ मध्ये हिंदू संघ आला आणि स्पर्धा तिरंगी झाली. १९१२ मध्ये मुस्लिम संघ आल्यावर ती चौरंगी झाली. पुढे १९३७ मध्ये ख्रिस्ती, ज्यू आदींचा 'इतर' हा संघ दाखल झाला आणि 'पंचरंगी' हे नाव रूढ झाले. मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर ओळीने उभे असलेले पारशी, इस्लाम व हिंदू जिमखाने ही त्याच काळाची खूण होय.

हिंदू संघातही सर्व खेळाडू समान नव्हते. पालवणकर बाळू हे चर्मकार समाजातील डावखुरे फिरकी गोलंदाज. पुण्यातील युरोपियनांच्या क्लबमध्ये खेळपट्टीची निगा राखता राखता आणि इंग्रज फलंदाजांना सराव देता देता त्यांची गोलंदाजी घडली. त्यांच्या गुणांमुळे हिंदू संघाची दारे उघडली. पण मैदानावर एकाच चेंडूला हात लावणारे सहकारी चहाच्या वेळी पॅव्हेलियनमध्ये कपातून चहा घेत आणि बाळूंना तो बाहेर, मातीच्या भांड्यात दिला जाई. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरहून अधिक बळी मिळविले. तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना देण्यात आले नाही.

हा अन्याय मुकाट्याने सोसला गेला नाही. १९२० मध्ये बाळूंना वगळून कर्णधारपद दुसऱ्याकडे सोपविले गेले, तेव्हा त्यांचे बंधू विठ्ठल व शिवराम यांनी निषेध म्हणून संघातून माघार घेतली. पुढे अंतिम सामन्यासाठी दोघे परतले आणि बाळू उपकर्णधार झाले. १९२३ मध्ये विठ्ठल यांच्याकडे नेतृत्व आले आणि त्याच वर्षी हिंदू संघाने चौरंगी स्पर्धा जिंकली. अस्पृश्य मानल्या गेलेल्या घरातील तरुणाने सवर्ण खेळाडूंचे नेतृत्व करावे, ही त्या काळात लहान घटना नव्हती.

प्रांतांच्या संघांमध्ये खेळली जाणारी रणजी स्पर्धा १९३४ मध्ये सुरू झाली. परंतु गर्दी पंचरंगी सामन्यांनाच होत असे. डिसेंबर १९४० मध्ये महात्मा गांधींनी जमातवार संघांना जाहीर विरोध दर्शविला, तरी स्पर्धा चालूच राहिली. १९४३ च्या अंतिम सामन्यात हिंदू संघाच्या विजय मर्चंट यांनी नाबाद २५० धावा काढल्या. त्यावर 'इतर' संघाच्या विजय हजारे यांनी संघाच्या ३८७ धावांपैकी एकट्याने ३०९ धावा केल्या. असा खेळ पाहायला मिळत असताना प्रेक्षक पाठ फिरविणे शक्यच नव्हते. अखेर फाळणीच्या छायेत, १९४६ मध्ये ही स्पर्धा बंद पडली.

पुढे आकाशवाणीने हा खेळ मैदानाबाहेर नेला. बाळ ज. पंडित यांच्या मराठी धावत्या समालोचनामुळे इंग्रजी न जाणणाऱ्या श्रोत्यांनाही तो आपला वाटू लागला. २५ जून १९८३ रोजी लॉर्ड्सवर कपिल देव यांच्या संघाने वेस्ट इंडिजला ४३ धावांनी हरविले. पंचरंगीच्या काळात त्या संघातील सय्यद किरमाणी मुस्लिम संघातून, रॉजर बिन्नी 'इतर' संघातून आणि सुनील गावसकर हिंदू संघातून खेळले असते. त्या विजयाचा आनंद साऱ्या देशाने केला, त्याचे मर्म येथे आहे.

तरीही 'सर्वांचा खेळ' या शब्दांना बराच काळ एक मर्यादा होती. महिलांची पहिली आंतरराज्य स्पर्धा १९७३ मध्ये पुण्यात अवघ्या तीन संघांत झाली आणि महिला क्रिकेटचा कारभार नियामक मंडळाच्या छत्राखाली येण्यास २००६ साल उजाडले. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत हरमनप्रीत कौरच्या संघाने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी नमवून विश्वचषक जिंकला, तेव्हा स्टेडियम तुडुंब भरले होते.

क्रिकेटचे वेड भारतीयांना जन्मजात मिळालेले नाही, आणि ते आपोआप सर्वांचे झालेले नाही. ज्यांना दाराबाहेर उभे केले गेले, त्यांनी आपल्या खेळाच्या बळावर ते दार उघडायला लावले. म्हणूनच आज हा आनंद सामायिक आहे.