घड्याळजी, टॅक्सीचं मीटर आणि बॉम्ब कंपनी

शीर्षक वाचून गोंधळ झाला असेल तर आधीच सांगून टाकतो. आजचा लेख मासे पकडण्याबद्दल आहे. खाण्याबद्दल नाही (त्या विषयावर मी फार भरकटतो), फक्त पकडण्याबद्दल. त्यातही अमेरिकेतल्या 'बास' नावाच्या माशाबद्दल आणि त्याच्या नादाने दोनशे वर्षांत लोकांनी जी यंत्रं बनवली त्यांच्याबद्दल. आपल्याकडे 'बास' म्हणजे पुरे. तिकडच्या लोकांना मात्र हा बास कधीच पुरला नाही.

हा बास म्हणजे मोठ्या तोंडाचा गोड्या पाण्यातला मासा, मूळचा पूर्व अमेरिकेतला. तळ्यात, संथ नदीत, शेवाळात, बुडालेल्या ओंडक्याखाली दबा धरून बसतो आणि समोरून काही हललं की झडप घालतो. म्हणजे त्याला पकडायचं तर गळ टाकून तासन् तास बसून चालत नाही. आमिष नेमकं त्या ओंडक्याशेजारी जाऊन पडलं पाहिजे, मग ते हलवत परत ओढायचं, पुन्हा फेकायचं. दिवसातून शेकडो वेळा.

आता हे सगळं इंजिनियरच्या चष्म्यातून पाहा. रिक्वायरमेंट्स तीनच आहेत. एक, दोरी लांब आणि नेमकी फेकता आली पाहिजे. दोन, ती भराभर गुंडाळता आली पाहिजे. तीन, मासा लागल्यावर तो जोरात पळाला तरी दोरी तुटता कामा नये. वाचायला सोपं वाटतं, पण हे तीन प्रश्न सुटायला शंभराहून जास्त वर्षं गेली. आणि मला सगळ्यात गंमत याची वाटली, की ते सोडवणारे बरेचसे लोक दुसऱ्याच कुठल्या तरी धंद्यातले होते.

पहिला मान घड्याळजीचा. केंटकी राज्यात पॅरिस नावाचं एक गाव आहे. तिथे जॉर्ज स्नायडर नावाचा घड्याळजी आणि चांदीकाम करणारा कारागीर होता. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला, १८१० ते १८२० च्या दरम्यान, त्याने स्वतःसाठी आणि मित्रांसाठी एक रीळ बनवलं. कल्पना साधी होती. घड्याळात असतात तशी लहानमोठी दातेरी चाकं बसवायची, म्हणजे मूठ एकदा फिरवली की दोरीची फिरकी अनेकदा फिरते. दातेरी चाकांची रिळं इंग्लंडमध्ये त्याआधीही होती, पण बासच्या रिळांची वंशावळ सुरू होते ती केंटकीतून. त्याच राज्यात पुढे मीक बंधूंनी तसली रिळं इतकी सुबक बनवली की आज ती संग्राहकांच्या कपाटात असतात. मीक बंधूही घड्याळजीच!

दुसरा प्रश्न सुटला, पण त्यातून एक नवीन बग निघाला. आमिष फेकलं की फिरकी गरागरा फिरून दोरी सोडते. हवेत आमिषाचा वेग कमी होत जातो, पण फिरकीला ते कुठे माहीत? ती आपल्याच वेगात दोरी सोडत राहते. आमच्या भाषेत सांगायचं तर प्रोड्यूसर जोरात आणि कन्झ्यूमर मंद. बफर भरून वाहणारच. परिणाम म्हणजे रिळावर दोरीचा असा काही गुंता, की सुगरणीने घरटं विणलंय असं वाटावं. त्यावर उपाय एकच होता, फिरकीवर अंगठा हलकेच दाबून ब्रेक लावत राहायचं. हे अंगठ्याचं कसब यायला बराच काळ लागायचा. म्हणजे ज्याला सराव करायला वेळ, त्यालाच मासा!

हा ब्रेक यंत्रात आणण्याचं मोठं काम स्वीडनच्या एका कंपनीने केलं. कंपनीचं नाव आबू. ते मूळ नावाचं लघुरूप आहे, आणि त्यातल्या 'उर' या स्वीडिश शब्दाचा अर्थ, ओळखा पाहू, घड्याळ. १९२१ साली सुरू झालेला हा घड्याळांचा कारखाना पुढे टॅक्सीचे मीटर बनवू लागला. दुसऱ्या महायुद्धात मीटरचा धंदा बसला, तेव्हा त्याच बारीक काम करणाऱ्या कारागिरांनी मासेमारीची रिळं बनवायला घेतली. पन्नाशीच्या दशकातलं त्यांचं 'अँबॅसेडर' रीळ जगभर गेलं. (आपल्याकडे अँबॅसेडर म्हटलं की टॅक्सीच आठवते, हा निव्वळ योगायोग.) त्या रिळात केंद्रोत्सारी बलावर चालणारा ब्रेक होता. फिरकी जितकी जोरात फिरेल तितके आतले छोटे ठोकळे बाहेर ढकलले जाऊन घासतात आणि वेग आपोआप आवरला जातो. अकरावीच्या फिजिक्समध्ये हे उदाहरण दिलं असतं तर माझे मार्क वाढले असते.

दुसरा मार्ग शोधला इंग्लंडमधल्या एका गिरणीमालकाने. आल्फ्रेड इलिंगवर्थ हा ब्रॅडफर्डचा कापड गिरणीवाला. गिरणीत बॉबिन स्थिर असते आणि सूत तिच्या टोकावरून सुटत जातं, हे त्याच्या रोजच्या पाहण्यातलं. तो म्हणाला, मग रीळ तरी फिरवायचं कशाला? १९०५ साली त्याने स्थिर फिरकीच्या रिळाचं पेटंट घेतलं. फिरकीच फिरत नाही म्हटल्यावर तिचा वेग जास्त होण्याचा प्रश्नच मिटला. बग फिक्स करण्याऐवजी तो मॉड्यूलच काढून टाकला! शिवाय हलक्यातलं हलकं आमिषही लांब जाऊ लागलं.

आणि मग बॉम्ब कंपनी. अमेरिकेत तुल्सा इथे झिरो अवर बॉम्ब कंपनी होती. तेलाच्या विहिरी फोडण्यासाठी टाइम बॉम्ब बनवायची. चाळिशीच्या दशकाच्या शेवटी त्यांच्या पेटंटची मुदत संपत आली होती आणि नवीन धंदा हवा होता. तेवढ्यात आर. डी. हल नावाचा एक टेक्सासकर दाराशी आला. दुकानदार सामान बांधताना मोठ्या रिळावरून सुतळी कशी सटासट ओढतो, हे पाहून त्याला म्हणे कल्पना सुचली होती. स्थिर फिरकी, वर झाकण आणि मागे एक बटण. १९४९ साली पहिलं रीळ बाहेर पडलं. बटण दाबा, फेका, झालं. दहा वर्षांचं पोरही पहिल्याच दिवशी आमिष फेकू शकेल इतकं सोपं.

कंपनी स्वतःच एक किस्सा सांगते. १९५६ साली राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्यासाठी एक रीळ पाठवलं गेलं. पार्सलवर पाठवणाऱ्याचं नाव 'झिरो अवर बॉम्ब कंपनी'. सुरक्षा रक्षकांनी ते पार्सल आधी पाण्यात बुडवलं, यात त्यांचं काय चुकलं? त्यानंतर कंपनीने नाव आखडून 'झेब्को' केलं.

तिसरा प्रश्न राहिला. मासा पळाला तर दोरी तुटू नये. तळ्यातल्या बासपेक्षा हा प्रश्न समुद्रात जास्त जिवावरचा, आणि तो सुटलाही समुद्रातच. कॅलिफोर्नियाजवळ कॅटालिना बेट आहे. १८९८ साली तिथे चार्ल्स होल्डर यांनी १८३ पौंडांचा ट्यूना काठीने पकडला आणि त्याच वर्षी तिथला ट्यूना क्लब सुरू झाला. त्या काळच्या रिळांची मूठ दोरीला थेट जोडलेली असायची. मासा पळाला की मूठ उलटी गरगरायची आणि बोटं फुटायची. विल्यम बॉशेन नावाच्या गृहस्थाने उपाय सुचवला. फिरकी आणि मूठ यांच्यामध्ये घर्षणाच्या चकत्या घाला. ठरावीक ताणापर्यंत फिरकी धरून ठेवेल, त्यापुढे घसरत दोरी सोडेल. म्हणजे गाडीचा क्लचच. न्यूयॉर्कच्या एका नामांकित रीळ कारागिराने ते बनवलं आणि १९१३ साली बॉशेनने त्याच्यावर ३५८ पौंडांचा स्वोर्डफिश ओढून आणला.

हे वाचत होतो तेव्हा मला राहून राहून माझ्या मामाची बोटं आठवत होती. देवगडला आजोळी मे महिन्यात गेलो की एखाद्या पहाटे मामा आम्हा पोरांना उलांडीच्या होडीतून गरवायला न्यायचा. काठी नाही, रीळ नाही. लाकडाच्या तुकड्याला गुंडाळलेलं तंगूस, टोकाला शिसं, गळाला कोळंबी. एकदा चांगला मोठा मासा लागला. तंगूस सणसणत पाण्यात जायला लागलं तसा मामेभाऊ ते धरायला धावला. मामा शांतपणे म्हणाला, "रे झिला, सोड जरा. ओढलंस तर तुटतली." पहिल्या बोटावरून त्याने ते सुटू दिलं, थांबलं की दोन हात ओढलं, पुन्हा सोडलं. वीसेक मिनिटांनी होडीत चोणक आला. बॉशेनच्या चकत्या जे करतात तेच मामाचं बोट करत होतं, फक्त त्याचं पेटंट कोणी घेतलं नव्हतं. त्या बोटावर चिरा पडून पडून कातडी राठ झाली होती, ही त्याची किंमत.

चोणक म्हणजे रायगडकडचा जिताडा. इंग्रजीत त्यालाही 'बास'च म्हणतात, आशियाई समुद्री बास. अमेरिकेतल्या बासशी त्याचं काडीचंही नातं नाही. जोशी पुण्यातही असतात आणि कुमाऊँमध्येही, तसला प्रकार.

असो. तर साठीच्या दशकात यंत्रं स्वस्त आणि सोपी झाली होती आणि नायलॉनची दोरी घरोघरी पोचली होती. मग पुढे काय झालं? जे व्हायचं तेच. मासे पकडणारे वाढले. १९६७ साली रे स्कॉट नावाच्या विमा एजंटने आर्कान्सामधल्या बीव्हर लेकवर बासची मोठी स्पर्धा भरवली. १०६ स्पर्धक आले. पुढच्याच वर्षी त्याने संघटना काढली आणि बास हा धंदा झाला. पण स्पर्धा संपल्यावर मेलेल्या माशांच्या राशी दिसू लागल्या तेव्हा स्कॉटच्याच लक्षात आलं, की असंच चाललं तर एक दिवस तळी रिकामी होतील. १९७२ पासून त्याने मासा जिवंत ठेवा, वजन करा आणि परत सोडा, असा आग्रह धरला. बोटींमध्ये जिवंत माशांसाठी पाण्याच्या टाक्या आल्या.

यामागचा फरक किती मोठा आहे हे दोन माशांवरून कळतं. २ जून १९३२ रोजी जॉर्ज पेरी या विशीतल्या शेतकरी पोराने जॉर्जिया राज्यात २२ पौंड ४ औंसांचा, म्हणजे साधारण १० किलोंचा बास पकडला. जागतिक विक्रम! महामंदीचे दिवस होते. पेरीने मासा तोलला, नोंद केली आणि घरी नेला. घरच्यांनी तो खाल्ला. विक्रमापेक्षा रात्रीचं जेवण महत्त्वाचं होतं, आणि मला त्यात काहीही गैर वाटत नाही.

हा विक्रम ७७ वर्षं टिकला. २ जुलै २००९ रोजी मानाबू कुरिता यांनी त्याची बरोबरी केली, तीही अमेरिकेत नाही, जपानच्या बिवा सरोवरात. त्यांचा मासा औंसभराने जड होता, पण नियमानुसार दोन औंसांचा फरक लागतो, म्हणून विक्रम दोघांच्या नावावर. आता हा अमेरिकन मासा जपानात गेला कसा? १९२५ साली तेत्सुमा आकाबोशी या उद्योगपतीने कॅलिफोर्नियाहून बास आणून हाकोनेजवळच्या आशी सरोवरात सोडले. पुढे ते देशभर पसरले. कुरितांनी आमिष म्हणून लावलेला ब्लूगिलही परकाच. १९६० साली शिकागोच्या महापौरांनी युवराज अकिहितोंना ते मासे भेट दिले आणि युवराजांनी ते चांगल्या हेतूने मत्स्य संशोधन संस्थेला दिले. या दोन पाहुण्यांनी मिळून बिवामधले स्थानिक मासे फस्त करायला सुरुवात केली. २००७ साली सम्राट झालेल्या अकिहितोंनी त्याबद्दल जाहीरपणे खेद व्यक्त केला. अकिहितो स्वतः मत्स्यशास्त्रज्ञ आहेत, त्यामुळे तो खेद निव्वळ औपचारिक नसावा.

म्हणून बिवाच्या प्रांतात २००३ पासून पकडलेला बास परत पाण्यात सोडणं हेच नियमबाह्य आहे. अमेरिकेत मासा सोडणारा सज्जन, बिवाकाठी मासा सोडणारा गुन्हेगार. मासा तोच! (आपण तरी कोणत्या तोंडाने हसणार? उजनीच्या काठावर आपण जी चिलापी चवीने खातो, तीही मूळची आफ्रिकेची.)

मला या सगळ्या इतिहासातून एवढंच कळलं, की 'सोडावा की ठेवावा' याचं एक उत्तर सगळीकडे चालत नाही. आधी तो मासा माहीत असावा लागतो. आता आपला जिताडा घ्या. हल्ली मुंबई-पुण्याची माझ्या वयाची मंडळी शनिवारी-रविवारी महागडं जपानी रीळ घेऊन खाडीवर जिताड्याच्या मागे जातात. जिताडा आधी नर असतो आणि काही वर्षांनी, मोठा झाल्यावर, त्याची मादी होते. म्हणजे फोटोत मिरवायचा जो थोराड जिताडा असतो तो बहुतेक वेळा जिताडा नसून जिताडी असते, पोटात लाखो अंडी घेऊन आलेली. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँडमध्ये याच माशासाठी दोन्ही बाजूंनी मर्यादा आहे, ५८ सेंटीमीटरपेक्षा लहान आणि १२० पेक्षा मोठा, दोन्ही सोडायचे. महाराष्ट्रातही २०२३ साली ५४ जातींसाठी किमान लांबीचे नियम आले. लहान मासा वाचवायचा हे कळायला सोपं आहे. मोठा मासा सोडायला मात्र मन मोठं लागतं.

माझ्या मामाला मी हे सांगणार नाही. त्याच्यासाठी चोणक म्हणजे बाजारात मिळणारे पैसे, आणि बोटाने दोरी सोडणारा माणूस वर्षाला पकडून पकडून किती पकडणार? सांगायचं आहे ते आपल्याला, ज्यांच्या घरी सोमवारी पगारावर चूल पेटते. दोनशे वर्षं घड्याळजी, गिरणीवाले आणि बॉम्बवाले राबले, म्हणून आज आपल्याला अंगठ्याचं कसब न शिकता पहिल्याच दिवशी मासा मिळतो. यंत्राने कसब फुकट दिलं. किती मासे पकडून थांबायचं, हे मात्र त्यात फिट करून मिळत नाही. ते 'बास' आपलं आपल्यालाच म्हणावं लागतं.