माळवदाच्या भिंतीसमोरची माशी

दिवाळीत अंबाजोगाईजवळच्या गावी गेलो होतो. आमच्या माळवदाच्या घराच्या मातीच्या भिंतीसमोर एक केसाळ माशी हवेत जागच्या जागी थांबलेली. मला वाटलं मधमाशी. पण पंख दोनच, मधमाशीला चार असतात. ही बी फ्लाय. डंखबिंख काही नाही.

पोटाचं टोक झटकून ती चक्क अंडी फेकत होती! भिंतीतल्या बारीक बिळांत एकट्या राहणाऱ्या मधमाश्या पिल्लं वाढवतात. बी फ्लायची अळी बिळात शिरते आणि त्यांच्या अळ्या खाते. मोठेपणी मात्र फुलांतला मध पिते.

१८८० च्या सुमारास अमेरिकेत टोळधाडीचा अभ्यास करताना चार्ल्स रायलीला टोळांच्या अंड्यांत याच कुळातल्या अळ्या सापडल्या. म्हणजे काही जाती शेतकऱ्याच्या कामाच्या! आपल्याकडच्या जातींची नोंद १९२० च्या 'फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया'च्या एका खंडात आहे. लेखक एन्रिको ब्रुनेटी, पेशाने संगीतकार! बीड तेव्हा निजामाच्या राज्यात होतं.

आता अण्णांना घर पाडून स्लॅब टाकायचाय. पावसाळ्यात गळतं, त्यांचंही बरोबरच आहे. मी एवढंच म्हणालो, "अण्णा, गोठ्याची भिंत तेवढी राहू द्या." ते म्हणाले, "बघू."