तिसऱ्या आश्रमाची विद्यापीठे

शिक्षण हा आयुष्याच्या पूर्वार्धाचा व्यवहार होय, ही समजूत आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की, साठी उलटलेला एखादा गृहस्थ नवी भाषा शिकू लागला तर लोक त्याचे कौतुक करतात किंवा थट्टा करतात. पण त्यात नवल ते काय, असे कोणी म्हणत नाही. सिसरोच्या वार्धक्यावरील संवादात रोमचा वृद्ध कॅटो आपण उतारवयात ग्रीक विद्या हस्तगत केल्याचे मोठ्या समाधानाने सांगतो. असे कॅटो सर्व देशांत आणि सर्व काळांत निपजले आहेत. परंतु एका व्यक्तीची हौस निराळी आणि समाजाने वृद्धांसाठी म्हणून लावून दिलेली व्यवस्था निराळी. अशा व्यवस्थेचा इतिहास अवघ्या पन्नासएक वर्षांचा आहे. तो लहान असला तरी त्यात एक मोठा प्रश्न उभा राहिला. वृद्ध मनुष्य हा केवळ शिकविला जाणारा, की शिकविणाराही?

ह्या इतिहासाचा आरंभ फ्रान्समधील तुलूझ शहरी झाला. तेथील विद्यापीठ १२२९ सालचे. १९६८ च्या विद्यार्थ्यांच्या उठावानंतर फ्रान्समध्ये उच्च शिक्षणाचा नवा कायदा झाला व प्रौढांच्या अखंड शिक्षणाचा भार विद्यापीठांवर आला. पुढे १९७१ च्या कायद्याने नोकरांच्या शिक्षणासाठी खर्च करण्याचे बंधन मालकांवर घातले. नोकरी करणाऱ्यांची सोय झाली. नोकरी संपलेल्यांचे काय, हा प्रश्न मात्र तसाच राहिला. आंतरराष्ट्रीय कायद्याचे प्राध्यापक प्येर वेलास ह्यांनी तो हाती घेतला. उन्हाळ्याच्या दीर्घ सुट्टीत विद्यापीठाची व्याख्यानगृहे ओस पडलेली असत. १९७३ साली वेलास ह्यांनी ती निवृत्त स्त्रीपुरुषांसाठी उघडली. पूर्वीच्या पदवीची अट नाही, परीक्षा नाही, शुल्क अल्प. 'तिसऱ्या वयाचे विद्यापीठ' असे ह्या उपक्रमाचे नाव पडले. कल्पना इतकी झपाट्याने पसरली की, दोनच वर्षांत, म्हणजे १९७५ साली, अशा संस्थांचा आंतरराष्ट्रीय संघ स्थापन झाला.

तुलूझच्या कार्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. तथापि त्या वर्गाची मांडणी पाहिली तर ती जुनीच होती. व्यासपीठावर प्राध्यापक, समोर बाकांवर श्रोते. श्रोत्यांचे केस पांढरे झाले होते, एवढाच काय तो फरक. आयुष्यभर कारखाना चालविलेला किंवा रुग्णांची शुश्रूषा केलेला मनुष्य त्या दालनात शिरला की, पुनः विद्यार्थीच होत असे.

इंग्लंडात ही कल्पना १९८१ साली आली आणि तेथे तिचे स्वरूप पालटले. विद्यापीठाच्या भिंतींबाहेर ज्ञान नेण्याची परंपरा त्या देशात जुनीच होती. केंब्रिजने आपली विस्तार-व्याख्याने १८७३ साली, म्हणजे तुलूझच्या बरोबर शंभर वर्षे आधी, सुरू केली होती. १९०३ साली कामगारांच्या शिक्षणासाठी स्वतंत्र संघही निघाला होता. परंतु १९८१ च्या उन्हाळ्यात सरकारने विद्यापीठांच्या अनुदानांना मोठी कात्री लावली. फ्रान्सप्रमाणे विद्यापीठांच्या आश्रयाची आशा करण्यात अर्थ उरला नव्हता. त्याच उन्हाळ्यात केंब्रिज येथे ह्या विषयावर एक सभा भरली. तिच्या मागे तीन पुरुष होते : इतिहासकार पीटर लॅस्लेट, समाजशास्त्रज्ञ मायकल यंग आणि वृद्धविषयक धोरणाचे अभ्यासक एरिक मिडविंटर.

ह्यांपैकी यंग ह्यांनी १९५८ साली, परीक्षेतील गुणवत्तेवर रचलेल्या भावी समाजाची विडंबनात्मक कथा लिहिली होती. 'मेरिटोक्रसी' हा शब्द तिच्यामुळेच सर्वतोमुखी झाला. ज्याचा उपहास करावयाचा होता तोच पुढे स्तुतीचा शब्द बनला, हा भाग वेगळा. अशा मनुष्याने परीक्षाविरहित विद्यापीठाला हातभार लावावा, हे सुसंगतच होते.

लॅस्लेट ह्यांची वाट निराळी होती. औद्योगिक क्रांतीपूर्वी इंग्लंडातील वृद्ध मोठ्या एकत्र कुटुंबाच्या छायेत सुखाने नांदत, ही सर्वमान्य समजूत त्यांनी जुन्या याद्या व नोंदी तपासून खोडून काढली. लहान कुटुंब हाच तेथील जुना प्रघात होता. तेव्हा, ज्याकडे परत जावे असा सुवर्णकाळ मागे नाही. दीर्घायुषी समाज ही इतिहासातील नवी वस्तू असून तिच्यासाठी संस्थाही नव्याच घडविल्या पाहिजेत, असा निष्कर्ष त्यांनी काढला. त्यांनी आयुष्याचे चार भाग कल्पिले : शिक्षणाचा व परावलंबनाचा पहिला, कमाईचा व जबाबदारीचा दुसरा, आत्मविकासाचा तिसरा आणि अंतिम पराधीनतेचा चौथा. आपल्या वाचकांस येथे चार आश्रमांची आठवण होईल. पण साम्य संख्येपुरतेच आहे. वानप्रस्थ हा संसारापासून दूर सरण्याचा मार्ग. लॅस्लेट ह्यांचे तिसरे वय हा जीवनाचा कळस. शिवाय ह्या वयाला हक्कांबरोबर समाजाप्रत कर्तव्येही आहेत, असे ते मानीत.

ह्या विचारातून जी संस्था निघाली तिला पगारी अध्यापक नव्हते, स्वतःची इमारत नव्हती आणि पदवी तर नव्हतीच. सभासदांनीच सभासदांना शिकवावयाचे. एखाद्याच्या बैठकीच्या खोलीत इतिहासाचा वर्ग भरावा, आणि तेथे शिकविणाऱ्याने दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच्या घरी चित्रकलेचा विद्यार्थी म्हणून बसावे. 'विद्यापीठ' हे नाव लावण्याचे समर्थनही मार्मिक होते. मध्ययुगीन लॅटिनमधील मूळ शब्दाचा अर्थ इमारत किंवा सनद असा नसून, विद्येसाठी एकत्र आलेल्यांचा संघ असा आहे. १९८३ साली ह्या शाखांची मध्यवर्ती संस्था स्थापन झाली. आज ब्रिटनमध्ये त्यांची संख्या हजारांवर गेली आहे.

येथे एक आक्षेप घेता येतो आणि तो सबळ आहे. परस्परांना शिकविण्यास आधी काही शिकलेले असावे लागते. निवृत्तिवेतन, बरी प्रकृती आणि बालपणीची शाळा, ह्या तिहींच्या पायावर केंब्रिजची इमारत उभी आहे. ज्यांना ह्यांतील एकही गोष्ट लाभली नाही त्यांचे तिसरे वय कोठे सुरू होणार?

ह्या प्रश्नाचे एक उत्तर महाराष्ट्रातच सापडते. ठाणे जिल्ह्यातील मुरबाड तालुक्यात फांगणे नावाचे लहान गाव आहे. तेथे ८ मार्च २०१६ रोजी जिल्हा परिषदेच्या एका शिक्षकाच्या पुढाकाराने आजीबाईंची शाळा उघडली. साठीच्या पुढच्या स्त्रिया गुलाबी लुगडी नेसून, पाटी-दप्तर घेऊन दुपारी वर्गात येऊ लागल्या. अंगठ्याच्या जागी स्वतःची सही आली. ज्याला अक्षर बालपणीच मिळाले, त्याला ह्या सहीची किंमत सहसा कळावयाची नाही.

तथापि फांगण्याची शाळाही, ह्या दृष्टीने पाहता, तुलूझच्याच जातीची आहे. कारण अक्षर बाहेरून यावे लागते. आपल्याकडे ह्या जातीच्या संस्था पूर्वीपासून आहेत. न्यायमूर्ती रानडे ह्यांच्या प्रेरणेने १८७५ साली पुण्यात सुरू झालेली वसंत व्याख्यानमाला काय, किंवा देवळातील कीर्तन काय, वयाची व परीक्षेची अट ह्यांपैकी कोणासच नाही. पण एकाने बोलावे आणि इतरांनी ऐकावे, हीच दोहोंची रीत. उणीव आहे ती केंब्रिजच्या अर्ध्या भागाची. पाटीवर पहिला 'ग' गिरविणाऱ्या त्याच आजीला जात्यावरच्या ओव्या, बियाणे राखण्याच्या रीती आणि बाळंतिणीची निगा ह्यांचे ज्ञान असते, आणि ते शिकू इच्छिणारे कोणी तिच्यासमोर बसत नाही. अध्यापकाच्या व्यवसायात आयुष्य घालविलेल्या आम्हा लोकांस ही गोष्ट विशेष बोचावी. कारण व्यासपीठाची उंची आम्हीच वाढवून ठेवली आहे. वृद्धांना काय शिकवावे, ह्याची चर्चा आपण पुष्कळ करतो. तुम्ही आम्हांस काय शिकवाल, असे त्यांना विचारण्याचा प्रघात ज्या दिवशी पडेल, त्या दिवशी आपल्या गावांतही तिसऱ्या आश्रमाचे विद्यापीठ निघाले असे समजावे.