वारंगा फाट्याआधीचे चाळीस तास

आक्काचे पाय गेले ते रविवारी रात्री नऊला, वारंगा फाट्याजवळ, रुग्णवाहिकेत. गेल्या जूनमधली ही गोष्ट. त्या आधीचे चाळीस तास मी नंतर जुळवत बसलो. मोबाईलमधले कॉल, केसपेपरवरच्या वेळा आणि पुढं दवाखान्याच्या खाटेवर आक्का थोडं थोडं सांगत गेली ते, एवढ्यावरून हे लिहितो आहे.

आधी एक सांगायला हवं. आक्काला चार वर्षांपासून मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. शरीराचीच प्रतिकारशक्ती मेंदू आणि मणक्यातल्या चेतातंतूंवरचं मायलिनचं आवरण कुरतडते. दाजींनी ते त्यांच्या परीनं समजून घेतलं होतं, "विहिरीवरच्या मोटारीच्या केबलीला उंदरं लागल्यावानी." पहिल्या वेळी तिच्या डाव्या डोळ्यापुढं अंधार आला होता. नांदेडला निदान झालं, फिंगोलिमॉडची रोज एक कॅप्सूल सुरू झाली आणि नंतर तिला काहीच झालं नाही. काहीच झालं नाही म्हणून मेच्या सुरुवातीला तिनं ती बंद केली. हळदीचे पैसे बियाण्याला आणि खताला ठेवायचे होते. हे तिनं कुणालाच सांगितलं नाही.

शनिवार, पहाटे ५. चाळीस तास आधी.
अंगणात सडा टाकताना दोन्ही तळवे बधिर वाटले. पिठात पाय बुडाल्यासारखे, असं ती म्हणते. शुक्रवारी तिच्या गावात, गोरेगावात, चांगला पाऊस झाला होता, रानाला वाफसा आला होता, पेरणीला ट्रॅक्टर सांगून ठेवला होता. तिनं डबे भरले.

शनिवार, दुपारी १. बत्तीस तास.
बधिरपणा गुडघ्यापर्यंत चढला. खाली वाकून बियाण्याच्या बॅगची शिवण उसवताना हनुवटी छातीला टेकली आणि पाठीच्या कण्यातून करंट खाली गेला. हा करंट तिच्या ओळखीचा होता. पण डॉक्टरांनी तिला आणखीही काही सांगून ठेवलं होतं. ऊन लागलं, ताप आला की जुनी लक्षणं डोकं वर काढतात आणि अंग थंड झालं की निघून जातात. विल्हेल्म उथॉफ या जर्मन नेत्रतज्ज्ञानं १८९० मध्ये नोंदवलेली ही गोष्ट आहे आणि ती खरी आहे. आक्का लिंबाखाली ओला टॉवेल डोक्यावर घेऊन अर्धा तास बसली. पाय तसेच राहिले.

इथं मी नेहमी अडखळतो. नवं लक्षण चोवीस तास टिकलं आणि ताप किंवा जंतुसंसर्ग नसला तर तो नवा झटका धरायचा, अशी डॉक्टरांची व्याख्या आहे. खरा झटका आणि तात्पुरता चढउतार यांत फरक करता यावा म्हणून ती केलेली. आक्काच्या मनात तिचा अर्थ 'चोवीस तास थांबायचं' असा बसला होता. पायातली ताकद जाऊ लागली, लघवी अडली, तर हे घड्याळ लावायचं नसतं. हे तिच्या फाईलमध्ये छापलेलं होतं. फाईल पत्र्याच्या पेटीत होती.

शनिवार, रात्री ९. चोवीस तास.
पोटाभोवती कुणीतरी पट्टा आवळल्यासारखं होऊ लागलं. दुपारी रानात गेली होती, त्यानंतर लघवी झालेली नव्हती. दोनदा जाऊन बसली, लागल्यासारखी वाटे, होत नसे. दाजींना हे सांगायला तिला लाज वाटली. सासूबाईंना, मी ज्यांना मावशी म्हणतो त्यांना, अर्धंच सांगितलं. मावशी म्हणाल्या, "उन्हाळी लागली असंल. धन्याचं पाणी पी." भल्या मनानंच सांगितलं. आक्का दोन तांबे धन्याचं पाणी प्यायली.

मूत्राशयाला मोकळं होण्याचा निरोप मणक्यातूनच जातो. तो रस्ता सुजेनं बंद होत होता आणि आम्ही वरून पाणी ओतत होतो.

रविवार, पहाटे ४. सतरा तास.
ओटीपोट दुखून जाग आली. उंबऱ्याशी उजवा पाय अडकला आणि ती पडली. मावशींनी दिवा लावला तेव्हा एक चप्पल खाटेपाशीच पडलेली होती. चार पावलं ती एका चपलेवर चालली होती आणि दुसरा पाय अनवाणी आहे हे तिला कळलं नव्हतं.

रविवार, सकाळी १०. अकरा तास.
गावातल्या एका दवाखान्यात नेलं. कमजोरी म्हणून सलाईनची एक बाटली आणि शक्तीचं इंजेक्शन. शेवटची लघवी कधी झाली हे कुणी विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही.

रविवार, सकाळी ११:२०. नऊ तास चाळीस मिनिटं.
दाजींचा मला हिंगोलीला फोन. तो दोन मिनिटं अकरा सेकंदांचा आहे. "आक्काच्या पायाला मुंग्या येऊ लाल्यात, पडली बी पहाटं." मी म्हणालो, पेरणीचा ताण असेल, आराम करू द्या, आज रविवार आहे, उद्या नांदेडच्या डॉक्टरांना फोन लावू. तिच्या आजाराचं नाव मला ठाऊक होतं. नऊ तास चाळीस मिनिटं हातात होती. हा भाग मी कुणावर ढकलू शकत नाही.

रविवार, दुपारी ४:१०. चार तास पन्नास मिनिटं.
भाची नववीत आहे. आईला उठवून बसवायला गेली तर दोन्ही पाय उचलेनात आणि बेंबीपर्यंत चिमटा काढलेला कळेना. तिनं पेटी उघडली, फाईल काढली, डिस्चार्ज कार्डाच्या मागची छोटी अक्षरं वाचली आणि मला फोन केला. "मामा, इथं लिहिलंय, पायातली ताकद गेली, दिसेनासं झालं, लघवी अडली तर तात्काळ या. आईची लघवी कालपासून झाली नाय. मी विचारलं तिला." दीड दिवसात हा प्रश्न सरळ विचारणारी ती पहिली. मी १०८ ला फोन केला.

रविवार, संध्याकाळी ६:३०. अडीच तास.
हिंगोलीच्या सरकारी दवाखान्यात मी दारातच उभा होतो. तिथल्या सिस्टरनी पोटाला हात लावला आणि काही न बोलता नळी आणायला गेल्या. थैलीत चौदाशे मिली आली. एरवी चारशे-पाचशेला माणूस बेचैन होतो. ताप बघितला, लघवी तपासायला घेतली, कारण जंतुसंसर्गानंही खोटा झटका येऊ शकतो. मग नांदेडला पाठवलं, मणक्याचा एमआरआय आणि मेंदूविकारतज्ज्ञ यांच्यासाठी.

रविवार, रात्री ९.
कळमनुरी गेलं, आखाडा बाळापूर गेलं. पाऊस होता. वारंगा फाट्याचे दिवे दिसले तेव्हा आक्कानं मला विचारलं, "माझे पाय खाटंवर हायेत का खाली लोंबू लालेत?" पाय खाटेवर होते. मी दोन्ही हातांनी तिची पावलं धरून बसलो होतो.

रात्री ११:१५ ला मिथाइलप्रेडनिसोलोनचा पहिला एक ग्रॅम शिरेतून सुरू झाला. सोमवारी एमआरआयमध्ये पाठीच्या मधल्या भागात मणक्याच्या रज्जूवर सुजेचा लांब पट्टा दिसला. कॅप्सूलची गोष्ट त्याच दिवशी बाहेर आली. हे औषध अचानक थांबवलं तर आजार पूर्वीपेक्षा कितीतरी जोरानं उलटू शकतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनानं नोव्हेंबर २०१८ मध्ये दिलेला आहे. उलटायचं ते बहुतेक वेळा बारा आठवड्यांच्या आत. आक्काचा सातवा आठवडा होता. बंद करायचं असलं तरी डॉक्टरांना विचारून, पुढचं औषध ठरवूनच करायचं असतं.

पाच दिवस स्टेरॉइडनं फारसं हललं नाही. मग रक्तातला प्लाझ्मा बदलला, दिवसाआड पाच वेळा. तिसऱ्या खेपेनंतर डाव्या पायाचा अंगठा हलला. मी डॉक्टरांना विचारलं, रविवारी सकाळी आणलं असतं तर? ते म्हणाले, खात्रीनं कुणीच सांगू शकत नाही. मग खिडकीकडं बघून म्हणाले, पण लवकर आलेलं बरं असतं.

तीन महिन्यांनी आक्का वॉकर धरून उंबऱ्यापर्यंत आली. लघवी अजून आपोआप होत नाही. दिवसातून चार वेळा ती स्वतः नळी घालते, भाची कॅलेंडरवर वेळ लिहिते. फाईल आता पेटीत नसते, दाराजवळच्या खिळ्याला पिशवीत टांगलेली असते.

मी रोज संध्याकाळी फोन करतो. पाऊसपाण्याआधी विचारतो, लघवी झाली का. पहिले काही आठवडे ती काही न बोलता फोन पोरीच्या हातात द्यायची. आता स्वतः सांगते, "सहाला. तीनशे."