मुंबईच्या सागवानाची साक्ष

जुने जतन करणे म्हणजे नेमके काय करणे, हा प्रश्न लाकडी जहाजाच्या बाबतीत फारच अवघड होऊन बसतो. दगडी वास्तू शतकानुशतके उभी राहते. लाकडाला मात्र पाणी, वारा आणि कीड अखंड पोखरीत असतात. कुजलेले लाकूड काढून नवे बसवावे, तर मूळ जहाज उरले कोठे? न बसवावे, तर जहाजच उरत नाही. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील हार्टलपूल येथे आजही पाण्यावर तरंगणाऱ्या 'ट्रिंकोमाली' या शिडाच्या युद्धनौकेने या प्रश्नाला दिलेले उत्तर आम्हांला मोलाचे वाटते. कारण ही नौका जन्माने मुंबईकर आहे.

नेपोलियनशी चाललेल्या प्रदीर्घ युद्धांमुळे इंग्लंडात ओकच्या लाकडाची टंचाई झाली होती. म्हणून १८१२ साली ही नौका मुंबईच्या गोदीत बांधण्याचे ठरले. तिचे आराखडे ज्या 'जावा' नावाच्या जहाजातून येत होते, ते त्याच वर्षीच्या डिसेंबरात अमेरिकन नौदलाशी झालेल्या लढाईत गमावले गेले. आराखडे पुन्हा पाठवावे लागले. अखेर १८१६ मध्ये जमशेटजी बोमनजी वाडिया यांनी पारशी प्रथेनुसार नौकेच्या तळाच्या मुख्य तुळईत चांदीचा खिळा ठोकून काम सुरू केले आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजी नौका पाण्यात उतरली.

लाकूड मलबारचे सागवान होते. सागाच्या अंगच्या तेलामुळे त्यातील लोखंडी खिळे सहसा गंजत नाहीत. ओकमधील आम्ल मात्र लोखंड खाऊन टाकते. परंतु युद्ध १८१५ सालीच संपले होते! १८१९ मध्ये पोर्ट्समथला पोहोचलेली ही नौका पंचवीसहून अधिक वर्षे राखीव पडून राहिली. १८४७ ते १८५७ या काळात तिने अटलांटिक आणि पॅसिफिक महासागरांत सेवा केली. पुढे ती नाविकांच्या कवायतीसाठी वापरली गेली आणि १८९७ साली मोडीत विकली गेली.

येथेच तिचा इतिहास संपावयाचा; परंतु व्हीटली कॉब या गृहस्थाने ती विकत घेतली. त्याचे 'फूद्रोयां' हे जहाज त्याच वर्षी ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावर वादळात फुटले होते. तेच नाव या नौकेस देऊन त्याने तिच्यावर मुलांना नाविक शिक्षण देण्यास आरंभ केला. हे कार्य १९८६ पर्यंत चालले. नौका टिकली ती सागवानामुळे खरी. पण तिला सतत काही ना काही काम मिळत गेले, हेही तितकेच खरे.

१९८७ साली ती हार्टलपूलला आली. त्या गावाची जहाजबांधणी केव्हाच बंद पडली होती. तथापि 'वॉरियर' ही १८६० सालची लोखंडी युद्धनौका तेथे नुकतीच पूर्ववत करण्यात आली होती व त्या कामातून कुशल कारागीर तयार झाले होते. १९९० मध्ये सुरू झालेले 'ट्रिंकोमाली'चे काम २००१ पर्यंत चालले. खर्च एक कोटी पौंडांच्या आसपास गेला. जेथे लाकूड निकामी झाले होते, तेवढेच बदलले. जे शाबूत होते, त्याला हात लावला नाही. त्यामुळे निम्म्याहून अधिक भाग आजही मूळचाच आहे. १९९२ साली तिला तिचे पहिले नावही परत मिळाले.

वाचकहो, जमशेटजींचे नाव इतिहासात राहिले. परंतु ज्या सुतारांनी, लोहारांनी आणि हमालांनी ही नौका घडविली, त्यांची नावे आज कोणी सांगत नाही. त्यांच्या हातांची साक्ष परक्या बंदरातील त्या फळ्याच देतात. आपल्या कोकणपट्टीवरही लाकडी होड्या बांधणारे हात दिवसेंदिवस कमी होत आहेत, आणि फायबरच्या होड्या स्वस्त पडतात म्हणून कोळी बांधवांना दोष देणे अन्यायाचे होईल. मात्र एखादी जुनी होडी किनाऱ्यावर कुजत पडली असेल, तर ती बांधणारा म्हातारा सुतार हयात आहे तोवर गावातील दोन तरुणांनी त्याच्याजवळ बसून काम शिकावे. हार्टलपूलला लाकूड आणि पैसा मागाहून मिळाला. जाणते हात मात्र तेथे आधीपासून होते.