हेरोकू

हेरोकू ही क्लाउड संगणनावर आधारित अमेरिकन होस्टिंग सेवा आहे. स्वतःचा सर्व्हर न उभारता वेब अनुप्रयोग आंतरजालावर चालवण्याची सोय ती पुरवते. इ.स. २०२२ पर्यंत उपलब्ध असलेल्या विनामूल्य योजनेमुळे नवी प्रोग्रामिंग भाषा शिकणाऱ्यांमध्ये ती लोकप्रिय होती.

इतिहास

जेम्स लिंडेनबॉम, ॲडम विगिन्स आणि ओरायन हेन्री यांनी इ.स. २००७ मध्ये हेरोकूची स्थापना केली. आरंभी या सेवेवर केवळ रूबी भाषेतील अनुप्रयोग चालत. डिसेंबर २०१० मध्ये सेल्सफोर्स या कंपनीने सुमारे २१ कोटी २० लाख डॉलरना हेरोकू विकत घेण्याचे जाहीर केले. इ.स. २०११ मध्ये रूबीचे जनक युकिहिरो मात्सुमोतो हेरोकूत रुजू झाले. त्याच वर्षी नोड.जेएस, क्लोजर, जावा, पायथन आणि स्काला यांचाही समावेश करण्यात आला.

कार्यपद्धती

वापरकर्ता गिट या प्रणालीद्वारे आपला कोड हेरोकूकडे पाठवतो. कोडसोबतच्या विशिष्ट फाइलींवरून त्याची भाषा ओळखली जाते. उदाहरणार्थ, 'जेमफाइल' असल्यास रूबी. त्यानंतर 'बिल्डपॅक' नावाची आज्ञावली त्या भाषेसाठी लागणारे घटक बसवते. त्यामुळे नवशिक्याला सर्व्हरची मांडणी स्वतः करावी लागत नाही. अनुप्रयोग 'डायनो' नावाच्या स्वतंत्र कंटेनरमध्ये चालतो. डायनो दिवसातून किमान एकदा पुन्हा सुरू होतो आणि त्यात साठवलेल्या नव्या फाइली नष्ट होतात. म्हणून टिकवायची माहिती स्वतंत्र डेटाबेसमध्ये ठेवावी लागते.

विनामूल्य योजना आणि तिची समाप्ती

विनामूल्य डायनो ३० मिनिटे वापरात नसल्यास निद्रावस्थेत जाई. त्यानंतर येणाऱ्या पहिल्या अभ्यागताला काही काळ थांबावे लागे. पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये १०,००० ओळींपर्यंतची माहिती विनामूल्य ठेवता येई. सरावासाठी या मर्यादा पुरेशा होत्या.

ऑगस्ट २०२२ मध्ये कंपनीने फसवणूक आणि गैरवापराचे कारण देऊन ही योजना बंद करण्याची घोषणा केली. २८ नोव्हेंबर २०२२ पासून विनामूल्य डायनो बंद झाले व विनामूल्य डेटाबेस काढून टाकण्यास सुरुवात झाली. अनुप्रयोगाचा कोड वापरकर्त्याच्या संगणकावर शिल्लक राहत असला, तरी डेटाबेसमधील माहितीची प्रत मुदतीपूर्वी काढून घेणे आवश्यक होते. दरमहा ५ डॉलरची 'इको' योजना सुरू झाली. विद्यार्थ्यांसाठी गिटहबच्या विद्यार्थी योजनेतून काही रकमेची सवलत देण्यात आली.