असंख्येय : मोजता येणारी संख्या

चार असंख्येय आणि एक लाख कल्पांपूर्वी अमर नावाचे नगर होते. तेथील सुमेधाची कथा बुद्धवंसात येते. वारज्याच्या आमच्या पालि अभ्यासवर्गात हा भाग निघाला, की 'असंख्येय' म्हणजे अगणित असे समजून वाचक पुढे सरकतो. परंतु अगणिताची चारपट करून तीत वर एक लाख मिळविणे, याला अर्थ काय?

कच्चायन व्याकरणाने या शब्दाला नेमके मूल्य दिले आहे. शंभर लाख म्हणजे कोटी; कोटीची शंभर लाख पट म्हणजे पकोटी. याच पटीने चढत जाता विसाव्या पायरीवर असंख्येय येते : १ वर १४० शून्ये, एकूण १४१ अंक. बरोबर मध्यावर, दहाव्या पायरीवर, 'अहह' आहे. त्याचा वर्ग म्हणजे असंख्येय. या संख्येचे मूळ अवयव केवळ २ आणि ५. म्हणून तिचे विभाजक १४१ गुणिले १४१, म्हणजे १९,८८१ होतात. तिला ७ ने भागले तर बाकी २ उरते. जिची बाकी सांगता येते, ती संख्या असंख्य कशी म्हणावी?

म्हणून कित्येक जण सुमेधकथेतही हेच मूल्य घालून मोकळे होतात. मला ते मान्य नाही. व्याकरणातील अब्बुद, निरब्बुद, पदुम ही नावे सुत्तनिपातातील कोकालिकसुत्तात निरयांची आहेत, आणि तेथे प्रत्येक निरयाची कालमर्यादा आधीच्याच्या वीसपट आहे. अब्बुदापासून पदुमापर्यंत नऊ पायऱ्या. वीसचा नववा घात ५१,२०० कोटी. व्याकरणाच्या हिशेबाने मात्र याच दोन नावांमधील अंतर १ वर ६३ शून्ये एवढे आहे. नाव तेच, गणित निराळे! सुत्तांनंतर कित्येक शतकांनी व्याकरणकाराने जुनी नावे घेऊन आपली शिडी बांधली. तिचे माप मागील ग्रंथांना लावणे इतिहासदृष्ट्या अयोग्य होय.

या संख्या नावांनी वाढल्या, अंकांनी नव्हेत. नाशिकच्या पांडवलेणीतील दहाव्या लेण्यात नहपानाचा जामात उषवदात याचे लेख आहेत. त्यांत शून्य नाही, स्थानमूल्य नाही. ७०,००० लिहिताना हजाराच्या चिन्हाला सत्तरचे चिन्ह जोडले आहे. या रीतीने १४० शून्यांची संख्या कोरता आली नसती. व्यवहारातील हिशेब मात्र चोख आहे. संघासाठी ठेवलेल्या ३,००० कार्षापणांपैकी २,००० विणकरांच्या एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक या व्याजाने. वर्षाचे २४० होतात. वर्षावासातील वीस भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा.